पतीचा रकाना

दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी कल्पेशची आई दोन वर्षांची झाली. तिचं आडनाव एकावन्न झालं आणि नवऱ्याचं नाव कोळी. ओट्याचा नंबर चौदा होता, आणि त्या ओट्यावर ती किती वर्षं बसते या रकान्यात काहीच नव्हतं. दोन वर्षांच्या मुलीकडून त्याहून जास्त अपेक्षा करणंही बरोबर नव्हतं. कल्पेशने पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली एस.टी. स्टँडकडे पाहिलं, जिथे पेणची गाडी लागल्याचं कुणीतरी भोंग्यावरून रडवेल्या आवाजात सांगत होतं, आणि मग पुन्हा पडद्याकडे. गंगाबाई एकावन्न, वय दोन. त्याला आधी हसू आलं. पनवेलात राहून, कमलाकर सरांच्या ऑफिसात तीन वर्षं नोकरी करून, माणसाला हसण्यासारखं फार काही मिळत नाही, म्हणून त्याने ते थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग त्याच्या लक्षात आलं, की चार वाजेपर्यंत ही यादी पाठवायची आहे, आणि दोन वर्षांच्या मुलीला मच्छीबाजारात ओटा मिळत नसतो.

कमलाकर सरांच्या ऑफिसात जुन्या तक्त्यांचे नवे तक्ते करून मिळत. बाहेर पाटीवर 'संगणकीय सेवा' असं लिहिलं होतं, त्यामुळे लोक झेरॉक्स काढायला येत आणि रागावून परत जात. आत दोन खुर्च्या, दोन संगणक आणि सर होते. या वेळचं काम मच्छीबाजाराचं होतं. उरण नाक्याकडचा बाजार पाडून नवा बांधायचा होता, त्यासाठी शेहेचाळीस बायकांची मोजणी झाली होती, आणि ती कुणीतरी कुठल्यातरी जुनाट प्रोग्रॅममध्ये भरली होती. त्या प्रोग्रॅमला रकान्याच्या रेघा मारता येत नसत. तो नाव लिही, मग मोकळ्या जागा सोडत सोडत पुढे जाई आणि मग वय लिही. छापल्यावर सगळं एकाखाली एक सुरेख दिसे. नव्या कंपनीला मात्र प्रत्येक रकान्याच्या मधे उभी रेघ हवी होती. हाताने करायला दोन दिवस लागले असते. कल्पेशने काळ्या पडद्यावर अकरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. त्यात ऑक नावाचं एक हत्यार होतं. ते ओळ घेई, मोकळी जागा दिसली की तोडी, आणि तुकडे मोजून रेघा मारी. फक्त एवढंच, की त्याच्या लेखी एक मोकळी जागा आणि बावीस मोकळ्या जागा सारख्याच. मधला एखादा रकाना अख्खा रिकामा असला तर ते तो ओलांडून जाई आणि पुढचं सगळं एकेक घर अलीकडे ओढी. शेहेचाळीसपैकी अकरा बायकांचा पतीचा रकाना रिकामा होता. त्या अकराजणी एकेक घर अलीकडे सरकल्या होत्या. त्यांतली एक चार वर्षांची होती, एक एकोणचाळीस, आणि एकीचं वय शून्य होतं, कारण तिला ओटाच नव्हता, ती दारात पाटी घेऊन बसे.

रकाने रिकामे का, हे त्याला न विचारता कळलं. मोजणीवाल्याने विचारलं असणार, मालकाचं नाव काय, आणि बायकांनी पदर पुढे ओढून सांगितलं असणार, आमी नाव घेत नाय. मोजणीवाला टॉवरमधला, खारघरचा असणार. त्याला वाटलं असणार, रूढी आहे, मान ठेवावा. याच बायका हळदीला माइक हातातून सोडत नाहीत आणि नवऱ्याचं नाव पाच-पाच उखाण्यांत घालून खाडीपलीकडे ऐकू जाईल असं घेतात, हे त्याला कोण सांगणार. कल्पेशला वाटलं, आपल्या आईचा रकाना तरी आपण भरावा. ते नाव त्याच्या स्वतःच्या नावाच्या मधोमध होतं. पण त्याच अकरा ओळींत आठवी ओळ अशी होती, की एका कुटुंबाला एकच ओटा. नवऱ्याचं नाव आणि आडनाव दोनदा आलं तर पहिली बाई राहील, दुसरी 'दुबार' म्हणून वेगळ्या यादीत जाईल. ही वरून आलेली अट होती, आणि ती त्याने फार सफाईने लिहिली होती. सर म्हणाले होते, "वा." तेव्हा आई उगाच या अटीत अडकायला नको म्हणून त्याने आधी शोध घेतला. ग्रेप, आणि पुढे बापाचं नाव. एक ओळ आली.

मालू, काशिराम, कोळी, शेहेचाळीस, तीन, चौदा.

काशिराम पुष्कळ असतात, असं त्याने स्वतःला सांगितलं. कोळी तर सगळेच असतात. करंजा गावात दगड मारला तर तो काशिरामला लागेल आणि उचलून परत मारणाराही काशिरामच निघेल. मालूमावशी त्याच उरणजवळच्या करंजाची. रोज पहाटेच्या गाडीने यायची, आईच्या शेजारच्या ओट्यावर बसायची, तिचा नवरा कधीच वारला होता. त्याचं नाव काय हे कल्पेशने कधी विचारलं नव्हतं, कारण मावशीच्या नवऱ्याचं नाव कुणी विचारत नाही, त्याला काका म्हणतात आणि तो मेलेला असला तर तेही म्हणत नाहीत. ओटा तीन. चौदा वर्षं. आईचा ओटा दोन. चौदा वर्षं. बापाला जाऊन किती झाली, हे मोजायला त्याला हत्यार लागलं नाही. तो बारा वर्षांचा होता तेव्हा, आता सव्वीस. पंख्याचा वारा मानेवर येत होता आणि मान ओली होती. बाप करंजाजवळच्याच मोरा बंदरात लाँचवर कामाला होता, पंधरा दिवस घरी आणि पंधरा दिवस लाँचवर. लहानपणी कल्पेशला वाटायचं की सगळ्यांचेच बाप पंधरवड्याचे असतात. शाळेतल्या भगवानचा बाप रोज घरी यायचा तेव्हा त्याला भगवानची कीव यायची. एकदा बाप आला, खुंटीवर शर्ट टांगला, आणि खिशातून विड्यांबरोबर केसांची एक लाल क्लिप पडली, फुलपाखराची. आईने ती उचलून फळीवर, देवाच्या डब्याशेजारी ठेवली. पुढल्या खेपेला बाप गेला तेव्हा ती फळीवर नव्हती. कल्पेशने इतकी वर्षं ती क्लिप लाँचवरच्या कुठल्यातरी प्रवाशाची म्हणून ठेवून दिली होती. आता ती सरकून दिपिकाच्या केसांत जाऊन बसली.

दिपिका मालूमावशीची मुलगी. मे महिन्यात आणि नारळी पुनवेला यायची. तो अकरावीत असताना, एका सुट्टीत, बाजाराच्या मागच्या नळावर तिने त्याच्या अंगावर पाणी उडवलं होतं आणि तो चार दिवस तोच शर्ट न धुता घालून हिंडला होता. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, पण आईने त्या वर्षी राखी विकत आणली, मुद्दाम मोठी, मधे स्पंज आणि भोवती सोनेरी झालर असलेली, जी हाताला बांधली की घड्याळाची दुरुस्ती चालू आहेसं दिसे, आणि दिपिकाला सांगितलं, बांद. दिपिकाने बांधली. तेव्हापासून दर वर्षी. तो मनातल्या मनात चिडत राहिला, की या बायकांना काही कळत नाही. त्यांना सगळं कळत होतं. दोघींनी मिळून त्याचं आयुष्य रकान्यात अगदी बरोबर बसवलं होतं, एकही आकडा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, फक्त त्याला यादी दाखवली नव्हती. आणि बापाच्या दहाव्याला मालूमावशी कोपऱ्यात बसून आईपेक्षा मोठ्याने रडत होती. आत्या म्हणाली होती, बघा, बाजारातली मैत्रीण कशी असावी. बाराव्या वर्षी मुंडण केलेल्या डोक्याने त्याने ते ऐकलं होतं आणि त्याला खरंच बरं वाटलं होतं.

त्याने आईच्या ओळीत बापाचं नाव टाकलं आणि स्क्रिप्ट चालवून पाहिली. नुसती पाहिली. आई एकावन्न वर्षांची झाली, तिला ओटा दोन मिळाला. दुबारच्या यादीत एक नाव गेलं. मालू. कीबोर्डची एक कळ. इतकं हलकं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. त्याने पुन्हा ते नाव काढलं आणि तो उठला. सर म्हणाले, "जेवायला? डबा तर इथंच आहे." तो म्हणाला, "आईकडे जाऊन येतो, वय विचारायचंय."

बाजारात दुपारची मरगळ होती. फरशी धुतलेली, मांजरं जेवून बसलेली, बायका माशांवरून ओली पोती ओढून पेंगत होत्या. आई सुरमईची खवलं काढत होती. शेजारी मालूमावशी कोलंबी सोलत होती. दोघी एकमेकींकडे न बघता बोलत होत्या, चौदा वर्षं एकाच बाजूला तोंड करून बसलेली माणसं बोलतात तशा.

"जेवलास?" आई म्हणाली.

"आई, तू मोजणीत नवऱ्याचं नाव का नाही दिलंस?"

"नाव घेत नाय आमी."

"प्रांजलच्या हळदीला घेतलंस. माइकवर. दोनदा."

"त्यो उखाना व्हता."

"मावशीनं घेतलंय," कल्पेश म्हणाला. "मोजणीत. काशिराम कोळी."

मालूमावशी उठली. "मी जरा बरफ घिऊन येते," ती म्हणाली. तिच्या ओट्यावर गुडघाभर बर्फ होता. ती त्याला वळसा घालून, हातात सोललेली एक कोलंबी तशीच धरून, दाराबाहेर गेली. आईने पायाने प्लॅस्टिकचा क्रेट पुढे सरकवला. "बस. कोनी सांगलं?"

"कोणी नाही. कॉम्प्युटरनं."

"त्याला कोनी सांगलं?"

"मावशीनं. फॉर्मवर."

"मंग झालं तं," आई म्हणाली, आणि सुरमई उलटी केली. खवलं उडून तिच्या कोपरापर्यंत चिकटली होती, आणि कल्पेश त्या खवलांकडेच पाहत राहिला, कारण वर तिचा चेहरा होता. "तुजा बापूस गेला, तं ही दहाव्याला आली पोरीला घिऊन. म्हनाली, वयनी, शालंत नाव लावायचं हाय, बापाचं काय लावू. माज्याजवल कागद नाय कसला. मी म्हनलं, लाव त्याचंच. पन दाराकडचा ओटा मना दे. ह्यो ओटा तिच्या आयसचा. मी तवा मागं बसायची, गटारापाशी. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून यायचा आनि तसाच जायचा. तं तिनं बरफाची पेटी हलवली, तिकडं सरकली, मी हितं बसली."

"म्हणजे बाबांचं नाव तू ओट्यावर दिलंस."

"नावावर म्हावरा इकत नाय, कल्पेश. गटारापाशी बसून तुजा कॉम्प्युटरचा कोर्स झाला असता का?"

त्याला वाटलं, आपण या क्रेटवरून उठावं आणि ओरडावं, पण क्रेटची जाळी पॅंटमध्ये रुतली होती, आणि ओरडायला जे वाक्य लागतं ते त्याच्याकडे नव्हतं. बाप फसवून गेला होता, त्याचं एक वेळ समजू शकत होतं. बापांची ती जुनी रीत आहे, आणि शिवाय तो मेला होता, त्याच्यावर रागावलं तर राग भिंतीवर आपटून परत येई. पण इथे ज्या बाईला फसवलं होतं तिनेच बसून, खवलं काढता काढता, सौदा केला होता. तिला वाईट वाटल्याची एकही खूण तिने त्याच्यासाठी ठेवली नव्हती. तो चौदा वर्षं एका विधवेचा एकुलता एक मुलगा होता. त्यासाठी त्याने किती गोष्टी सोडल्या होत्या, पुण्याची नोकरी सोडली होती, आई एकटी पडेल म्हणून. ती एक दिवसही एकटी नव्हती.

"मला सांगायचं नव्हतंस?"

"तू बारा वरसांचा व्हतास."

"आता सव्वीसचा आहे."

"मदी येल गावला नाय," आई म्हणाली. "सकाली चारला उटते मी."

समोरच्या ओट्यावरच्या म्हातारीने डोळे न उघडता विचारलं, "काय रं, तुला ठाव नव्हतं?" तिच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं, एखाद्याला आपण राहतो त्या गावाचं नाव माहीत नसल्यासारखं. म्हणजे बाजाराला ठाऊक होतं. शेहेचाळीस बायका, बर्फवाला, बहुतेक मांजरंही. कल्पेशने आईला सगळं नीट समजावून सांगितलं, ऑक, रिकामा रकाना, आठवी ओळ. आपण किती शांतपणे बोलतो आहोत याचं त्याला नवल वाटलं. रकाना रिकामा ठेवला तर आई दोन वर्षांची होते आणि तिचा ओटा जातो. काशिराम लिहिलं तर मावशीचा जातो. चार वाजता यादी जाते. त्याने 'मावशीचा' म्हणताना मधे थोडा थांबा घेतला.

आईचा कोयता पहिल्यांदा थांबला. "तं दुसरं कायतरी लिव. त्याचं नको."

"खोटं लिहू?"

"खरं लिवून तिला उटवनार हायस का तू?"

"का नाही उठवायचं?" तो म्हणाला. हे त्याने मोठ्याने म्हटलं, कारण म्हातारीने डोळे उघडले.

आई त्याच्याकडे पाहत राहिली. तिने त्याला शिव्या दिल्या असत्या, रडली असती, तरी त्याला चाललं असतं. ती खऱ्या अडचणीत पडल्यासारखी म्हणाली, "ती गेली तं मी हितं दिवसभर बोलू कुनाशी?"

परत येताना तो रस्ता ओलांडताना एका रिक्षाच्या इतका जवळून गेला की रिक्षावाला नुसता 'ओ साहेब' म्हणाला, शिवी द्यायचं विसरला. जिन्यात त्याने हात हुंगले. माशांना त्याने स्पर्शही केला नव्हता, तरी वास होता. शाळेत या वासावरून मुलं बाक बदलायची, आणि तो घरी येऊन आईला कधी सांगत नसे, तिला वाईट वाटेल म्हणून. इतकी वर्षं तो तिच्यापासून एक गोष्ट लपवून ठेवल्याच्या आनंदात होता. तीही एक मोठी गोष्ट लपवून निवांत बसली होती, फक्त ती शेजारणीबरोबर, आणि तो एकटा.

ऑफिसात सर त्याच्या खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होते. "अकरा रकाने रिकामे आहेत रे. रिकामं ठेवायचं नसतं. निरंक लिही. सरकारी रीत आहे, काही नसेल तर निरंक." ते उठले. कल्पेशने एका ओळीत सांगितलं, पती रिकामा असेल तर तिथे निरंक भर. स्क्रिप्ट चालवली. अकरा बायका आपापल्या वयाला परत गेल्या. आणि मग आठव्या ओळीने आपलं काम केलं. निरंक कोळी नावाच्या एका गृहस्थाच्या अकरा बायका निघाल्या. पहिलीला ओटा मिळाला, दहाजणी दुबार म्हणून बाहेर गेल्या. पहिली गंगाबाई होती. सरांनी चष्मा वर केला. "हा निरंक कोण?" ते म्हणाले. "पराक्रमी दिसतो."

"कोणी नाही, सर."

"कोणी नाही तर मोजतोस कशाला? अपवाद टाक. निरंक असेल तर दुबार धरू नको."

तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. कल्पेशने अपवाद टाकला. दहाजणी परत आल्या. मग त्याने आईच्या ओळीवर जाऊन निरंक खोडलं आणि काशिराम लिहिलं, आणि यादी चालवली, आणि मालू पुन्हा गेली. त्याने निरंक लिहिलं, ती आली. काशिराम, गेली. असं त्याने सहा-सात वेळा केलं. दर वेळी ती जायची तेव्हा छातीत काहीतरी गार, बरं वाटणारं उतरायचं, आणि दर वेळी ते आधीपेक्षा थोडं कमी असायचं. शेवटी शेवटी नुसती एक ओळ जात-येत होती. त्याने डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, आई नव्या बाजारात, चकचकीत टाइल्सच्या ओट्यावर, आणि शेजारी कुणी अनोळखी बाई. आईचं तोंड एका बाजूला वळलेलं आणि बंद. ते चित्र हवं तसं गोड होईना. त्याला खरं तर असं चित्र हवं होतं ज्यात आई त्याच्याशी बोलते आहे, आणि तसा रकाना या यादीत कुठेच नव्हता, कुठल्या मोकळ्या जागेतून तो ओलांडला गेला होता कोण जाणे. तीन एकावन्नला त्याने आईचा नवरा निरंक केला आणि यादी पाठवून दिली. ते त्याने मावशीसाठी केलं नाही, आईसाठी केलं असंही त्याला म्हणता आलं नसतं. मालू गेली असती तर पंचेचाळीसच बायका का, असं सरांनी विचारलं असतं, आणि ते त्याला कुणालाही सांगायचं नव्हतं.

आठ दिवसांनी यादी बाजाराच्या भिंतीवर लागली. कल्पेश रविवारी सकाळी गेला तेव्हा तिथे हशा चालला होता. अकराजणींनी आपला नवरा वाचला होता. "आमचं निरंकराव कालपास्न घरी नाय आलं," एक म्हणत होती. दुसरी म्हणाली, "माज्याकडं व्हतं गो. जेवून गेलं." समोरच्या म्हातारीने त्याच्यावर उखाणा रचला होता आणि तो तिला अर्धा आठवत होता. आई हसत होती, आणि मालूमावशी आईच्या खांद्यावर हात मारून मारून हसत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दोघींचे हात बर्फाने लाल झाले होते. कल्पेशला पाहून हसणं थोडं खाली आलं, बंद झालं नाही.

तो तीन नंबरच्या ओट्यापुढे उभा राहिला. "बोंबील," तो म्हणाला.

मालूमावशी लगेच वाकली, चांगले बघून उचलायला लागली. लहानपणापासून ती अशीच, पैसे न घेता, त्याची पिशवी भरायची, आणि घरी आई म्हणायची, मावशीनं दिलं का, बरं.

"कसा वाटा?" कल्पेश म्हणाला.

तिचा हात थांबला. तिने आईकडे पाहिलं. आई सुरमईत गुंतली होती, इतकी की मान वर करायला तिला जमण्यासारखं नव्हतं. मालूमावशीने पदराला हात पुसले आणि भाव सांगितला. कमी नाही सांगितला, जास्त नाही. कल्पेशने पैसे दिले, तिने मोजून कमरेच्या बटव्यात टाकले, वाटा कागदात बांधला, आणि बांधून झाल्यावर, सवयीने, कडेला पडलेला एक बोंबील उचलून वर ठेवला.

कल्पेशने तो दोन बोटांनी उचलला आणि परत ओट्यावर ठेवला.